रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा काठ: रोल क्रिम्प की टेपर?

खाडीकाठ | ३ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी अंजनवेलचा. चौतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवणं आणि बिघडलेले डाय ताळ्यावर आणणं हेच काम. आता खाडीच्या कडेला घर आहे, थोडी कलमं, थोडी पोफळी. बंदुकीशी माझा संबंध वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीपुरता. पीक संरक्षणाच्या परवान्यावर होती, डुकरं आणि माकडं हाकायला. वडील गेल्यावर ती रीतसर जमा केली.

मुलगा अ‍ॅरिझोनात असतो. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला वेगळा परवाना लागत नाही, आणि तो गॅरेजमध्ये भरतो. रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं, सहा बारांचं. हिवाळ्यात आम्ही दोघं चार महिने त्याच्याकडे होतो. रोज संध्याकाळी मी त्याच्या प्रेसजवळ बसायचो, कारण ते सगळं माझ्या ओळखीचं होतं: डाय, पंच, पितळ, हजारांश इंचाची मापं.

एकदा रेंजवर गेलो. चार बार व्यवस्थित झाले. पाचव्याला घोडा मागे ओढता येईना, सिलिंडर फिरेचना. मुलाने नळी समोरच ठेवली, घाई केली नाही, तिथल्या माणसाला बोलावलं. पाहिलं तर एका काडतुसाची गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून, पुढे सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली होती आणि चौकटीला अडकली होती.

कारण मला तिथेच कळलं. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना मागे कडा असते, ती धरून सिलिंडर त्यांनाही मागे ओढतो. आतली जड गोळी मात्र जागेवरच राहू पाहते. हातोड्याचा दांडा जमिनीवर आपटला की डोकं घट्ट बसतं, तोच प्रकार, फक्त उलट्या कामाला. प्रत्येक बाराला गोळी जरा जरा सुटत जाते.

गोळी सुटू नये म्हणून पुंगळीचं तोंड तिच्यावर आवळतात, तो क्रिम्प. मुलाने तेव्हा टेपर, म्हणजे काठ न वळवता नुसता उतरता आवळणारा, क्रिम्प वापरला होता, कारण आधी तो पिस्तुलाची ९ मिमी भरायचा आणि हात तसाच बसला होता. त्या दिवसापासून त्याने रोल क्रिम्पचा डाय घेतला आणि काठ जमेल तेवढा आत वळवायला लागला. मी व्हर्नियर लावला तर काठाच्या खाली पुंगळी फुगलेली. दोन काडतुसं सिलिंडरमध्ये पूर्ण जाईनात.

माझं मन सांगतं की इतकं आवळणं चूक आहे. पण डायवाल्याचं मन आणि नेमबाजाचा अनुभव या वेगळ्या गोष्टी. रोल की टेपर, आणि किती? जाणकारांनी लिहावं. आमचं भांडण अजून व्हिडिओ कॉलवर चालू आहे.

---

संपादक मंडळ | ३ जून, रात्री १०:०२

धागा चालू राहील, पण दोन गोष्टी आधी. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खाली येणारा विषय आहे आणि शिक्षा कडक आहे. हातात शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे म्हणून काडतूस भरण्याची मुभा मिळत नाही. दुसरं, दारूचा प्रकार आणि वजनाचं माप इथे कोणीही लिहू नये. ते छापील, तपासलेल्या भरणी पुस्तकातूनच घ्यायचं असतं. कुणाच्या प्रतिसादावरून नाही.

---

मे_महिन्याचा_पाहुणा | ४ जून, सकाळी ७:३५

काका, मी देवगडचा, बावीस वर्षं टेक्सासात. दर मे महिन्यात आंब्याला घरी येतो, यंदाही आहे अजून. रिव्हॉल्व्हरची काडतुसं पंधरा वर्षं भरतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा: रोल आणि टेपर हे एकाच कामाचे दोन दर्जे नव्हेत. ते दोन वेगळ्या पुंगळ्यांसाठी जन्मले. ९ मिमी किंवा .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसांच्या पुंगळीला बाहेर आलेली कडा नसते. काडतूस चेंबरमध्ये (ते बसतं त्या पोकळीत) किती आत जायचं हे पुंगळीचं तोंड ठरवतं, ते तोंड चेंबरमधल्या पायरीवर टेकतं. तोंडच आत वळवून टाकलं तर टेकायला काही उरत नाही. म्हणून तिथे टेपर: गोळी शिरावी म्हणून फुलवलेलं तोंड फक्त सरळ करून गोळीला लगटून बसवायचं.

.३८ स्पेशल, .३५७, .४४ मॅग्नम यांच्या पुंगळ्यांना मागे कडा आहे. काडतूस त्या कडेवर टेकतं. तोंड मोकळं असतं, म्हणून ते गोळीवरच्या खाचेत वळवता येतं. तो रोल.

पण 'रिव्हॉल्व्हर म्हणजे रोल' हेही पाठ करून ठेवू नका. .४५ एसीपीची रिव्हॉल्व्हरंही आहेत, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने १९१७ च्या मॉडेलची वापरली. त्यांत काडतुसं पातळ पोलादी चकतीत अडकवून घालतात. तिथे पुंगळी पिस्तुलाचीच, म्हणून क्रिम्पही टेपर.

दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते खरा मुद्दा हाच. गोळी धरून ठेवण्याचं बहुतेक काम क्रिम्प करतच नाही. ते पुंगळीचा गळा करतो. पुंगळी परत मापात आवळणाऱ्या साइझिंग डायमधून काढल्यावर गळ्याचा आतला व्यास गोळीपेक्षा साधारण दोन-तीन हजारांश इंचाने कमी असायला हवा. म्हणजे पाच ते आठ शतांश मिलिमीटर. गोळी आत गेली की पितळ ताणलं जातं आणि चारी बाजूंनी तिला धरतं. क्रिम्प हा त्यावरचा कुलपाचा खिळा. दरवाजाच नसेल तर खिळ्याचा उपयोग काय?

तुमच्या मुलाला एक गोष्ट करायला सांगा. क्रिम्प न करता नुसती गोळी बसवलेलं एक काडतूस घ्यायचं आणि गोळीचं टोक लाकडी बाकाच्या काठावर अंगठ्याच्या जोराने दाबायचं. गोळी आत सरकली तर दोष क्रिम्पचा नाही. गळा सैल आहे. बहुतेक वेळा तोंड फुलवणारा पंच जाड असतो किंवा फार खोल उतरवलेला असतो.

---

हापूसवाडी | ४ जून, दुपारी २:२०

मला रिव्हॉल्व्हरमधलं काही कळत नाही. आमच्याकडे बाराबोअर आहे, बागेसाठी. पण सासऱ्यांचं एक वाक्य आठवलं म्हणून लिहिते. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात काडतुसांचा डबा कोरडा राहावा म्हणून गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवत होते, खाली गुरं, वर गवत, उबदार जागा. त्यांनी हाक मारून थांबवलं. "गोठ्यात काडतुसा ठेवू नको गो, ती फुटतत." मला वाटलं उडतात म्हणताहेत. ते म्हणत होते चिरतात. त्यांच्या वडिलांच्या जुन्या पूर्ण पितळी पुंगळ्या होत्या, त्या दाखवल्या. तोंडापासून खाली उभी बारीक चीर, केसाएवढी. कोणी मारलेल्या नाहीत की पाडलेल्या नाहीत. असं का होतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, फक्त होतं हे ठाऊक होतं.

या धाग्यात काठ, तोंड, चीर असं वाचलं आणि वाटलं विचारावं. याचा क्रिम्पशी काही संबंध आहे का?

---

तांबटआळी | ४ जून, रात्री ८:४५

खाडीकाठ काका, तुमचं मन बरोबर सांगतंय. आमच्या घरात पाच पिढ्या तांब्या-पितळेचं काम. काडतूस मी जन्मात भरलं नाही, पण पितळेचा काठ वळवणं हे माझ्या आजोबांनी मला आठव्या वर्षी शिकवलं.

पितळ दाबलं की दाबल्याजागी राहत नाही. थोडं परत येतं. ठोकून ठोकून कडक झालेलं पितळ जास्त परततं, तापवून मऊ केलेलं कमी. घागरीचा गळा मठारताना आम्ही हे गृहीत धरूनच घाव घालतो, हवं त्याहून किंचित पुढे. शिसं तसं नाही. शिसं दाबलं तिथेच बसतं, परत येत नाही.

आता शिशाची गोळी पितळेच्या नळीत आहे आणि तुम्ही बाहेरून डायने आवळलं. आत दोघंही दबले. डाय वर गेला, पितळ केसभर परत आलं, शिसं आलं नाही. मग मध्ये काय राहिलं? फट. तुम्ही जितकं जास्त आवळाल तितकी ती फट मोठी. बाहेरून काठ छान वळलेला दिसेल आणि आत गोळी हलेल.

दुसरं, तोंड फुलवायचं, मग वळवायचं, बार झाल्यावर परत साइझिंग, परत फुलवायचं. त्याच काठावर दर खेपेला हे घाव. पितळ कडक होत जाणार आणि एक दिवस काठ तडकणार. आम्ही भांडं मध्येच तापवून विझवतो आणि मगच पुढे ठोकतो. काडतुसाच्या पुंगळीचं काय करतात मला माहीत नाही, पण फुलवणं आणि वळवणं दोन्ही लागेल तेवढंच ठेवलं तर पुंगळी जास्त दिवस जगेल हे पितळ बघून सांगतो.

---

मे_महिन्याचा_पाहुणा | ४ जून, रात्री ९:३०

तांबटआळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हेच मी गोळ्या परत उपटून, मोजून, दोन वर्षांत शिकलो. तुम्ही घागरीवरून सांगितलंत.

पुंगळी तापवण्याबद्दल एकच सांगतो: फक्त तोंड आणि गळा. बुडाचं पितळ कडकच राहिलं पाहिजे, बाराचा दाब तिथे येतो. .३५७ चा कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड धरलेला आहे. बूड मऊ झालेली पुंगळी हातात फुटणारी वस्तू आहे. रिव्हॉल्व्हरच्या आखूड पुंगळीत तोंड तापवताना उष्णता बुडापर्यंत जायला वेळ लागत नाही. म्हणून मी ते करत नाही. काठ तडकला की पुंगळी चेपून भंगारात.

---

नेम_रत्नागिरी | ५ जून, सकाळी ६:५०

मी २५ मीटर सेंटर फायरची नेमबाज. या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाची काडतुसं चालतात आणि बरेचजण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात, सपाट डोक्याच्या वॉडकटर गोळीसह. ती गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर किंवा जवळपास आत बसलेली असते. बार हलका, धक्का अगदी कमी. त्यामुळे गोळी सुटून पुढे येण्याचा प्रश्नच जवळजवळ नाही. तिथे क्रिम्पचं काम एवढंच की काठ कुठे अडकू नये. काठ हलका आत घेतलेला पुरतो. जास्त आवळला तर मऊ शिशाच्या गोळीची कड कापली जाते आणि कागदावर गट, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरतो.

आम्ही स्वतः भरत नाही, तयार काडतुसंच वापरतो. पण एकाच प्रकारच्या दोन खेपांत गट का बदलतो हे शोधताना मी भिंगाखाली काठ बघायला लागले. ज्या खेपेत काठ एकसारखा, तिचा गट लहान. घट्टपणापेक्षा एकसारखेपणा मोठा, हा माझा अनुभव.

---

खाडीकाठ | ५ जून, दुपारी १:१५

ताई, एकसारखेपणाचं म्हणालात ते टूलरूमवाल्याला लगेच पटतं. मुलाला विचारलं, पुंगळ्यांची लांबी मोजतोस का? म्हणाला नाही, सरळ भिंतींच्या पुंगळ्या लांबत नाहीत म्हणून कोणी मोजत नाही. मी म्हटलं, लांबत नसतील, पण चार ठिकाणच्या गोळा केलेल्या पुंगळ्या मुळात सारख्या कशा असतील?

रोल क्रिम्पच्या डायमध्ये आत एक गोलाई असते. पुंगळीचं तोंड तिच्यावर आदळतं आणि आत वळतं. डाय एकदा लावला की त्याची उंची ठरलेली. लांब पुंगळी त्या गोलाईत जास्त घुसणार, तिचा काठ जास्त वळणार, तीच खाली फुगणार. आखूड पुंगळीचा काठ जेमतेम वळणार. एकाच पेटीत एक काडतूस गळा दाबलेलं आणि एक सैल. आमच्या दोन अडकलेल्या काडतुसांचं कोडं हेच असणार. टेपर डायची उतरण लांब आणि अगदी सौम्य असते, म्हणून लांबीतला फरक तो जास्त सोसतो.

काल संध्याकाळपासून वीज नव्हती, आत्ता आली. मुलाला पन्नास पुंगळ्या मोजायला सांगितलंय. हापूसवाडी ताई, तुमच्या चिरीचं कोडं मलाही हवंय. कोणी सांगेल का?

---

मिरकरवाडा_वायरमन | ५ जून, दुपारी ३:४०

ट्रॉलरवरच्या बॅटरीच्या केबलला लग (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) क्रिम्प करतो रोज. नवीन पोरगा नेहमी जास्त दाबतो. लग दिसायला दणकट, पण आतल्या तारा तुटतात, समुद्रात महिनाभराने लग हातात येतो. योग्य दाबाचं चिन्ह लगावर उमटतं, तिथे थांबायचं. काडतुसाचं माहीत नाही, पण तुमचं बोलणं ओळखीचं वाटलं.

---

धातुशास्त्र_निवृत्त | ५ जून, रात्री १०:३०

हापूसवाडी, तुमच्या सासऱ्यांना आदराने नमस्कार सांगा. त्यांनी जे सांगितलं त्याला धातुशास्त्रात नाव आहे आणि ते नाव आपल्याच पावसाळ्यातून आलं आहे.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची हालचाल पावसाळ्यात मंदावायची. काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागी म्हणून घोड्यांच्या पागेत ठेवायचे. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की कित्येक पितळी पुंगळ्यांना चिरा. आणि चिरा सर्वात जास्त कुठे? जिथे पुंगळी गोळीवर आवळलेली असायची, म्हणजे क्रिम्पवर. ऋतू पालटला की दिसणारी चीर म्हणून इंग्रजीत तिला सीझन क्रॅकिंग म्हणू लागले. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळेत ओढकामातून उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमांवरून चिरत जातं. तिघांतला एक जरी काढला तरी चीर येत नाही.

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जस्त १५ टक्क्यांच्या आत असलं तर हा आजार फारसा होत नाही, पण मग पुंगळीला हवी ती ताकद येत नाही. म्हणून उपाय दुसऱ्या बाजूने केला गेला: शेवटच्या ओढकामानंतर पितळ मर्यादित तापमानाला तापवून आतला ताण उतरवायचा, पण कडकपणा टिकवायचा. कारखान्यात ताण उरलाय का हे बघायला पितळ मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवण्याची चाचणी असते, ताण असेल तर थोड्या वेळात चीर दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे. कारखान्यातून ताण उतरवलेली पुंगळी आली तरी आपण तिच्यात पुन्हा ताण घालतो. गोळी बसवली की गळा कायमचा ताणलेला. वर क्रिम्प केला की काठ वाकवलेला. मे_महिन्याचा_पाहुणा ज्या पकडीचं कौतुक करत आहेत, ती पकड आणि पितळ चिरणारा ताण ही एकच वस्तू आहे. ती लागतेच, तिच्याशिवाय गोळी राहणार नाही. म्हणूनच गरजेपेक्षा जास्त असू नये. टेबलावर पडलेल्या काडतुसात तो ताण दहा वर्षं रोज काम करत असतो.

गोठ्यात घोड्याऐवजी गाय आहे एवढाच फरक. शेणामुतातून अमोनिया तोच सुटतो. आणि ओलाव्याचं कोकणात काय सांगायचं.

---

हापूसवाडी | ६ जून, सकाळी ८:०५

सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. पागेची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांना हे गावातल्याच एका जुन्या शिपायाने सांगितलं होतं, पलटणीतून परत आलेल्या. म्हणजे पागेतूनच आलेलं असणार हे.

---

तांबटआळी | ६ जून, सकाळी ९:२०

आमच्याकडेही जुनी माणसं नवीन घागर गोठ्याजवळ ठेवू द्यायची नाहीत. मी ते सोवळ्याओवळ्याचं समजत होतो. आज कारण कळलं.

पितळ घासायला आम्ही चिंच किंवा आमसुलं वापरतो. बाजारातली काही पॉलिशं नाकाला झोंबतात, त्यांत अमोनिया असतो. पुंगळ्या घासायला ती चालतील का?

---

धातुशास्त्र_निवृत्त | ६ जून, सकाळी ११:००

अजिबात नको. नाकाला झोंबणारं काहीही पुंगळीला लावू नये. चिंचेच्या जातीचं सौम्य आम्ल बरं, तेही थोडा वेळ, आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं. अमेरिकेत बरेचजण पाण्यात लिंबाचं सत्त्व घालून पुंगळ्या घुसळतात, ते याच जातीचं.

---

मे_महिन्याचा_पाहुणा | ६ जून, दुपारी ४:५०

आता गोळीच्या प्रकारावर लिहितो, कारण 'किती' याचं उत्तर तिथे आहे.

ओतीव शिशाच्या गोळीला बहुधा एक रुंद खाच असते, खास काठ वळवण्यासाठी. अमेरिकन बंदूकलेखक एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनी रिव्हॉल्व्हरसाठी आखलेल्या गोळ्यांत ही खाच ठसठशीत होती, आणि ज्या जड .४४ भरण्यांतून पुढे १९५५ चं .४४ मॅग्नम आलं त्यांत तिचं काम दिसतं. काठ त्या खाचेतच वळला पाहिजे. खाचेच्या वर किंवा खाली नाही, नाहीतर तो शिशात चावा घेतो आणि गोळी वाकडी होते.

तांब्याच्या कवचाच्या गोळीला बारीक रेघांची खाच असते. तिथे मध्यम रोल बसतो.

फक्त तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या गोळीला बहुतेकदा खाच नसते. तिला रोल केला तर काठ मुलामा कापतो. तिथे टेपर, किंवा अगदी स्पर्शापुरता रोल. हलक्या भरणीला हे चालतं. जड भरणीला अशी गोळी घेऊच नये असं मी मानतो.

मग भरणी. .३८ स्पेशल आणि .३५७ यांच्या गोळीचा व्यास एकच. .३५७ ची पुंगळी .३८ पेक्षा सुमारे ३.४ मिमीने जास्त लांब आहे, १९३५ साली ती मुद्दाम लांब ठेवली, कमजोर .३८ मध्ये शिरू नये म्हणून. .३८ च्या हलक्या भरणीला काठाचा बारीक वळ पुरतो. .३५७ च्या सावकाश जळणाऱ्या दारूच्या जड भरणीला पक्का रोल लागतो, कारण गोळी क्षणभर अडून राहिली तरच ती दारू एकसारखी पेटते. आणि रिव्हॉल्व्हर जितकं हलकं तितका झटका जास्त, तितकी गोळी सुटण्याची भीती जास्त. तीच काडतुसं जड पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये मुकाट राहतात आणि हलक्या मिश्रधातूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडकतात.

काका, मुलाचं रिव्हॉल्व्हर कोणतं, किती वजनाचं? आणि तो गोळी बसवणं आणि क्रिम्प एकाच डायमध्ये एकाच दाबात करतो का?

---

खाडीकाठ | ६ जून, रात्री ९:४०

रिव्हॉल्व्हर पोलादी, वजनदार. गोळी ओतीव शिशाची, खाचेची. आणि हो, दोन्ही एकाच दाबात करतो. हे ऐकल्यावर मीच कपाळाला हात लावला, कारण शेजारी बसून चार महिने बघत होतो आणि लक्षात आलं नाही.

एकाच दाबात करताना गोळी अजून खाली सरकत असते आणि काठ वळायला सुरुवात झालेली असते. वळणारा काठ सरकत्या गोळीला खरवडतो. शिशाचं वेटोळं तोंडाशी जमतं किंवा पुंगळीची भिंत दबून फुगते. एका फेरीत वाकवणं आणि ठोकून बसवणं दोन्ही करणारा डाय आम्ही टूलरूममध्ये नेहमी दोनदा विचार करून बनवायचो.

त्याला सांगितलं: पहिल्या फेरीत क्रिम्पचा भाग वर घेऊन फक्त गोळी बसव, खाच काठाबरोबर येईपर्यंत. मग गोळी दाबणारी दांडी वर घे, डाय थोडा थोडा खाली आण, आणि दर वेळी काडतूस काढून काठ बघ. प्रेस एकच असली तरी चालतं, फेऱ्या दोन.

पुंगळ्यांचीही मापं आली. पन्नासात सर्वात लांब आणि सर्वात आखूड यांत पाव मिलिमीटरचा फरक. एवढ्या फरकावर एका डायने एकसारखा काठ वळणं शक्य नाही.

---

नेम_रत्नागिरी | ७ जून, सकाळी ६:३०

शेवटच्या डायमध्ये कार्बाइडची (अतिकठीण धातूची) कडी असेल तर तेही विचारा. काहीजण चौथ्या फेरीत असा डाय वापरतात, तो काठ वळवता वळवता पूर्ण काडतूस दाबून मापात आणतो. काडतूस चेंबरमध्ये जातं खरं, पण आतली जाड शिशाची गोळीही दबून बारीक होते. मग नळीत ती सैल जाते आणि शिसं चिकटतं. माझ्या प्रशिक्षकांनी एकदा अशी उपटलेली गोळी मोजून दाखवली होती.

---

खाडीकाठ | १९ जून, रात्री ८:२५

उशीर झाला, पेरण्या आणि मग छपराची कौलं. मुलाने सगळं करून पाहिलं, ते लिहितो.

जुन्या, जास्त आवळलेल्या काडतुसांतली एक गोळी त्याने उपटून मोजली. मूळ .३५८ इंचाची, क्रिम्पच्या खालच्या भागात .३५५ झाली होती. तांबटआळींची फट, आकड्यात. बाकाला दाबायच्या परीक्षेत क्रिम्प नसलेली गोळी खरोखर आत सरकली. तोंड फुलवणारा पंच मोजला तर तो गोळीच्या जवळपास मापाचा निघाला. म्हणजे गळा पहिल्यापासूनच सैल होता, आणि आम्ही दोघं काठावर भांडत होतो. नवीन, बारीक पंच घेतला आणि तो फक्त तोंड जरासं उघडेल इतकाच उतरवला.

पुंगळ्या लांबीने निवडल्या, ज्या लांब होत्या त्या कापून सारख्या केल्या. दोन फेऱ्या. काठ खाचेत मध्यम वळवला, बोट फिरवलं तर कड लागत नाही आणि खाली फुगवटा नाही. सगळी काडतुसं सिलिंडरमध्ये आपल्या वजनाने पडतात.

मग रेंजवर ती परीक्षा केली जी त्याला तिथल्या एका जुन्या माणसाने सांगितली होती. सहा काडतुसं घालायची, त्यातल्या एकाची लांबी आधी मोजून खूण करायची, बाकीची पाच उडवायची आणि खूण केलेलं काढून परत मोजायचं. टेपरच्या जुन्या काडतुसात पाच बारांत अर्धा मिलिमीटर वाढ. करकचून आवळलेल्यात पाव. आता दोन शतांश, म्हणजे व्हर्नियर पुन्हा लावला तर तेवढा फरक माझ्याही हाताने येईल. तीच काडतुसं पुढे दहा बारांपर्यंत ठेवली, तरी तेवढंच.

टेपर घट्ट केला असता आणि गळा ताळ्यावर असता तर चाललं असतं का, हे तो विचारतोय. माझ्या मते .३८ च्या हलक्या भरणीला चाललं असतं, या गोळीला आणि या भरणीला नाही. खाच दिली आहे तर काठ तिच्यात बसवावा.

---

मे_महिन्याचा_पाहुणा | १९ जून, रात्री ११:५०

मी परत टेक्सासात पोचलो. काका, दहा बारांचं वाचून बरं वाटलं. मुलाला सांगा, पंच बदलला म्हणजे पकड बदलली, आणि पकड बदलली की दाबही बदलू शकतो. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासूनच पुन्हा वर यावं. जुन्या मापावर उडी मारू नये.

---

खाडीकाठ | २० जून, सकाळी ७:००

सांगितलं. तो मान्य आहे, खालच्या मापापासून सुरू करतोय.

त्याच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात मांजराच्या वाळूचा डबा असतो आणि वरच्याच फळीवर भरलेली काडतुसं. परवा धातुशास्त्र_निवृत्त यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा तो फोन चालू ठेवूनच उठला आणि पेट्या घरात नेल्या, रबरी कडेच्या डब्यात. अ‍ॅरिझोनाची हवा कोरडी आहे, पण तिथेही आता जुलैत पाऊस येईल.

पुढच्या रविवारी .३८ ची खेप करणार आहे, वॉडकटर. काठाची मापं आली की इथेच लिहितो. नेम_रत्नागिरी ताई, भिंगाखालचा चांगला काठ कसा दिसतो त्याचा एखादा फोटो असेल तर टाका, त्याला दाखवायचा आहे.